टायरला विचारून अलाइनमेंट

चाकांचे कोन मोजणाऱ्या अलाइनमेंट मशीनच्या कागदावर सगळे आकडे हिरवे आले की काम झालं, असं आपण धरून चालतो. रस्त्यापुरतं ते बरोबरही असतं. कंपनीने ठरवून दिलेली मर्यादा सरळ धावणाऱ्या, माणसं आणि सामान भरलेल्या, वर्षानुवर्षं टायर टिकावा अशी अपेक्षा असलेल्या गाडीसाठी असते. तीच गाडी ट्रॅकवर नेली की पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा सोलून निघतो आणि आतल्या अर्ध्या भागाची नक्षी कोरी राहते. माझ्या गाडीचं नेमकं हेच चाललं होतं.

गाडी साधीच. पुढच्या चाकांना ताकद देणारी छोटी हॅचबॅक, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा चाक धरणारा उभा खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा). हौशी लोकांपैकी पुष्कळांची सुरुवात अशाच गाडीने होते. वळणात शिरताना नाक बाहेर पळतं. स्टेअरिंग आणखी फिरवलं तर टायर आणखी किंचाळतात आणि गाडी जायचं तिथेच जाते. यावर जो तो कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाक किती झुकलंय तो कोन; माथा आत झुकला की उणा) बदलायचा सल्ला देतो. मी हवेपासून सुरुवात केली. हवा फुकट आहे, पाच मिनिटांत बदलते, आणि हवाच चुकीची असेल तर कॅम्बरबद्दल टायर जे सांगतो ते खरं धरता येत नाही.

दारावरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय लिहिलेलं असतं ते थंड टायरसाठी. टायरमध्ये कोंडलेल्या हवेचं प्रेशर तिच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतं, हा शाळेतलाच नियम. हिशेब करताना गेजच्या आकड्यात वातावरणाचे १४.७ मिळवायचे, म्हणजे ३३ चे ४७.७ होतात. सकाळी २७ अंशांवर, म्हणजे ३०० केल्विनला भरलेली हवा जोरात लॅप मारल्यावर ७५ अंशांवर, म्हणजे ३४८ केल्विनला गेली, तर ४७.७ चे ५५.३ होतात. १४.७ परत वजा केले की गेजवर साडेचाळीसच्या आसपास. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाडी थांबवायच्या जागेत) मला ४१ दिसले, तेव्हा कागदावरचा हिशेब आणि टायर यांचं पटतंय हे कळलं. ढोबळमानाने दर सहा-सात अंशांना एक पीएसआय. टायरमध्ये पंपातून ओलावा गेला असेल तर वाढ यापेक्षा जास्त होते. नायट्रोजनचा खरा फायदा एवढाच की तो कोरडा असतो. कोरडी हवा मिळाली तर तीही तेवढंच काम करते, त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज मला वाटत नाही.

४० च्या वर गेलेल्या टायरचा मधला पट्टा जास्त भार घेतो. पहिले दोन लॅप गाडी छान चिकटते, मग पुढचा टायर अचानक निसरडा होतो. चालवणाऱ्याला वाटतं की आपण थकलो. म्हणून ट्रॅकवर थंड आकड्याला फारसं महत्त्व नाही. लॅप मारून आल्या आल्या, टायर गरम असताना किती हवा आहे ते पाहायचं आणि त्यावरून सकाळी किती भरायची ते उलटं काढायचं. गरम टायरला ३६ हवी असेल तर ७५ अंश धरून सकाळची २९ येते. ट्रॅक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने असेल तर उजवी वळणं जास्त, म्हणजे डावे टायर जास्त राबतात आणि जास्त तापतात. डाव्याच्या आतली हवा ८२ अंशांवर आणि उजव्याची ६५ वर जात असेल, तर सकाळी डाव्यात २८ आणि उजव्यात ३० भरावी लागते, तेव्हा कुठे गरम झाल्यावर दोघांची हवा सारखी होते. सकाळी चारही चाकांत सारखी हवा पाहून समाधान मानायची सवय मोडायला मला थोडा वेळ लागला.

३६ हा आकडा मला कोणी सांगितला नव्हता. प्रत्येक टायरचा तो वेगळा असतो, आणि गाडीच्या वजनाप्रमाणे तोही सरकतो. मी ३८ पासून एकेक पीएसआय उतरत गेलो आणि खांद्यावर खडूची रेघ ओढून पाहिलं. रेघ नक्षीच्या कडेपासून टायरच्या बाजूच्या भिंतीवर उभी ओढायची. लॅप मारून आल्यावर खडू किती घासला गेला त्यावरून टायर किती कलंडतो ते कळतं. पुष्कळ टायरांच्या भिंतीवर खांद्याजवळ एक बारीक त्रिकोण कोरलेला असतो. तो असतो झिजेची खूण नक्षीत कुठे आहे ते दाखवायला, पण ट्रॅकवाले त्याचा दुसरा उपयोग करतात. घासल्याची खूण त्रिकोणाच्या टोकापर्यंत आली तर ठीक, त्याच्या खाली गेली तर टायर भिंतीवर चालतोय. माझ्या पुढच्या डाव्या टायरची खूण ३६ ला टोकाच्या जरा खाली होती आणि ३३ ला पार उतरली. हवा वाढवून ते थांबवता येत होतं, पण मग मधला पट्टा तापत होता. हवेच्या हातात जेवढं होतं तेवढं इथे संपलं.

पुढचं काम तापमान मोजायचं. यासाठी सुईचा पायरोमीटर लागतो. सुई रबरात दोन-तीन मिलिमीटर खुपसून आकडा घ्यायचा. लांबून लाल ठिपका मारणारी इन्फ्रारेड गन सोयीची असते, पण ती फक्त वरची कातडी वाचते, आणि कातडी पिट लेनमध्ये येईपर्यंतच निवते. प्रत्येक टायरवर तीन जागा: आतली कड, मध्य, बाहेरची कड. सुरुवात नेहमी सर्वांत जास्त राबणाऱ्या टायरपासून, आणि सगळं मिनिट-दोन मिनिटांत उरकायचं. इथे एक अडचण येते. ब्रेकना शेवटचा लॅप सावकाश हवा असतो आणि पायरोमीटरला तो अजिबात नको असतो. मी तोडगा असा काढला, की जोराच्या लॅपवरून थेट आत यायचं, हँडब्रेक न लावता चाकाला लाकडी ठोकळा लावायचा (तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवायचे नाहीत), मित्राने आकडे टिपायचे आणि मग परत बाहेर जाऊन गाडी सावकाश फिरवून गार करायची.

पुढच्या डाव्याचे आकडे आले ७८, ८४, ९६. आतून बाहेर. मधला आकडा दोन्ही कडांच्या सरासरीच्या जवळ असेल तर हवा बरोबर. इथे सरासरी ८७ आणि मध्य ८४, म्हणजे हवा थोडी कमीच म्हणायची, पण तक्रार तिच्याबद्दल नव्हती. बाहेरची कड आतल्यापेक्षा १८ अंशांनी तापलेली होती. वळणात टायर बाहेरच्या कडेवर उभा राहत होता.

असं का होतं ते गाडीखाली वाकून पाहिलं की समजतं. वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि तिच्याबरोबर ते चाकही बाहेर झुकतं. डबल विशबोनची (चाकाला वर-खाली दोन आर्म असलेली) रचना नीट केलेली असेल तर चाक वर दबताना आत झुकतं आणि हा कल बराचसा भरून निघतो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये ते फार थोडं होतं, आणि चाकाला गाडीशी जोडणारा खालचा आर्म एका मर्यादेपलीकडे वर गेला की उलटं व्हायला लागतं. गाडी तीन अंश कलली तर त्यातला मोठा हिस्सा टायरलाच सोसावा लागतो. कंपनीने उभ्या गाडीला दिलेला उणे अर्धा अंश त्याला कुठून पुरणार? आणि नुसती गाडी खाली बसवली तर हा आर्म सुरुवातीलाच सपाट होतो, म्हणजे दिसायला रेसिंग आणि वळणात पहिल्यापेक्षा वाईट. स्प्रिंग कापणाऱ्यांना हे सांगून पाहिलंय, कोणी ऐकत नाही.

कॅम्बर वाढवायचा स्वस्त मार्ग म्हणजे कॅम्बर बोल्ट. स्ट्रट आणि नकल (चाकाचं हब धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एक काढून त्या जागी उत्केंद्री, म्हणजे मध्य एका बाजूला सरकलेला, बोल्ट घालायचा. तो फिरवला की नकलचा माथा आत सरकतो. माझ्या गाडीत त्याने दोन्ही बाजूंना उणे २.१ पर्यंत नेलं. दोन गोष्टी मात्र बघाव्या लागतात. टायरचा वरचा भाग स्ट्रटच्या जवळ येतो, तिथे निदान बोट जायला हवं. आणि या बोल्टची दांडी मूळ बोल्टपेक्षा बारीक असते, त्यामुळे कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून) जोरात गेलं तर सांधा घसरू शकतो. बोल्ट, स्ट्रट आणि नकल या तिन्हींवरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली की रेघ तुटलेली लगेच दिसते.

२.१ वर आकडे सुधारले, पण बाहेरची कड अजून किंचित गरमच होती. म्हणून स्ट्रटच्या वरच्या टोकाला, ते आत सरकवता येईल अशा कॅम्बर प्लेट बसवल्या. त्यात अख्खा स्ट्रटच आत कलतो, त्यामुळे टायर आणि स्ट्रटमधलं अंतर बदलत नाही. उणे २.८ ला पुढच्या डाव्याने ९१, ८६, ८३ दिले. आतली कड बाहेरच्यापेक्षा पाच ते दहा अंशांनी गरम असावी, असा एक रूढ ठोकताळा आहे, कारण वळणाबाहेर सरळ पट्ट्यावर तीच कड जमिनीला जास्त टेकते. त्यात हे बसत होतं. खडूची रेघही त्रिकोणाच्या टोकावर थांबली. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागली. सरळ रेषेत जोरात ब्रेक मारला की एबीएस आधीपेक्षा जरा लवकर जागं होतं, कारण टायर पूर्ण रुंदीने टेकलेला नसतो. आणि मूळच्या रबराच्या जागी प्लेटमध्ये बेअरिंग आल्यामुळे खड्ड्यातली प्रत्येक ठकठक थेट केबिनमध्ये ऐकू येते. वळणात मिळालेल्या पकडीपुढे मला दोन्ही चालतं. घरच्यांना ठकठक चालत नाही.

कॅस्टर (बाजूने पाहिल्यावर चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कललेला कोन) वाढवला तर स्टेअरिंग फिरवल्यावर बाहेरच्या चाकाला आपोआप उणा कॅम्बर मिळतो, आणि तो सरळ पट्ट्यावर त्रास देत नाही. माझ्या गाडीत तो फिरवायची सोय नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

कॅम्बर बदलला की टो (वरून पाहिल्यावर चाक आत किंवा बाहेर किती बघतंय ते) बदलतो. किती आणि कोणत्या बाजूला, ते स्टेअरिंग रॅक चाकाच्या पुढे आहे की मागे आणि टाय रॉड (स्टेअरिंगची हालचाल चाकाकडे नेणारा दांडा) कोणत्या उंचीवर आहे यावर ठरतं. बदलतो एवढं मात्र नक्की, म्हणून टो नेहमी शेवटी. मशीनवर गाडी न्यायची तर चालवणाऱ्याचं वजन सीटवर ठेवून मोजा, असं म्हटल्यावर लोक विचित्र नजरेने बघतात. शिवाय प्रत्येक छोट्या बदलानंतर मशीन शोधत कोण फिरणार? मी दोऱ्या बांधायला शिकलो.

आधी जमीन. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी पातळी काढतात तशीच चार चाकांखालची पातळी काढली. डाव्या-उजव्या चाकांमध्ये साधारण दीड मीटर अंतर असतं, तेव्हा तिथे ५ मिलिमीटरचा उतार म्हणजे कॅम्बरमध्ये जवळजवळ ०.२ अंशाची खोट. खोलगट जागी प्लायवूडचे तुकडे घातले. पुढच्या चाकांखाली दोन-दोन पत्रे आणि मध्ये ग्रीस, म्हणजे टाय रॉड फिरवल्यावर टायर जमिनीला धरून बसत नाही, मोकळा सरकतो. सीटवर माझ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या, टाकीत नेहमीएवढं पेट्रोल, टायरमध्ये ट्रॅकवरच्या गरम आकड्याएवढी हवा. स्टेअरिंग सरळ करून बांधून टाकलं. मग बोनेट आणि डिकी दाबून गाडी चारदा हलवली, म्हणजे जॅकवरून उतरलेलं सस्पेन्शन आपल्या जागी बसतं. हे टाळलं तर पुढचे सगळे आकडे फेकून द्यायच्या लायकीचे.

मग गाडीच्या पुढे आणि मागे एकेक पाइप आडवा, स्टँडवर, चाकाच्या मध्याच्या उंचीला. दोन्ही पाइपांवर नेमक्या सारख्या अंतरावर खाचा. त्या खाचांतून गाडीच्या दोन्ही बाजूंनी नायलॉनची दोरी ताणून बांधली की दोन समांतर रेषा मिळतात. आता ही चौकट गाडीभोवती मध्यावर आणायची. गोम इथे आहे: पुढच्या दोन चाकांमधलं अंतर आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत सारखं नसतं. त्यामुळे पुढचं हब आणि मागचं हब दोरीपासून सारख्या अंतरावर यायला हवेत, असं समजून दोरी सरकवत बसलो तर दोऱ्या गाडीला तिरक्या होतात. बघायचं असतं ते वेगळं. पुढच्या डाव्या हबचं अंतर पुढच्या उजव्याएवढं आणि मागच्या डाव्याचं मागच्या उजव्याएवढं. पाइप मिलिमीटर-मिलिमीटरने सरकवत हे जुळवण्यातच निम्मा वेळ जातो. जुळवता जुळवता कोणाचा तरी पाय दोरीला लागतोच.

एकदा चौकट बसली की पुढचं सोपं. स्टीलच्या पट्टीने रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत अंतर घ्यायचं. पुढचं अंतर कमी असेल तर चाक बाहेर बघतंय, म्हणजे टो आउट. १५ इंची चाकाच्या रिमची बाहेरची कड साधारण ४०० मिलिमीटरची धरली तर ०.१ अंश म्हणजे ०.७ मिलिमीटर. म्हणून पट्टीवर डोळा अगदी सरळ वरून लावावा लागतो. कॅम्बरही याच बैठकीत पाहून घ्यायचा: रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला टेकेल अशी ॲल्युमिनियमची पट्टी उभी धरून तिला फोन टेकवायचा आणि त्यावर कोन वाचायचा. फोनचा भरवसा नसेल तर ओळंबा सोडावा. ४०० मिलिमीटरला एक अंश म्हणजे ७ मिलिमीटर.

मोजायची सुरुवात मागून. मागचा ॲक्सल जिकडे ढकलतो तिकडे गाडी जाते, आणि पुढची चाकं त्याच्याशी जुळवून घेतात. पुढचा टो अगदी बरोबर असूनही स्टेअरिंग वाकडं राहतं ते बहुतेक वेळा मागच्या तिरकेपणामुळे. माझं मागचं डावं चाक २ मिलिमीटर आत बघत होतं आणि उजवं अर्धा. टॉर्शन बीममध्ये फिरवायला काही नसतं. बीम आणि स्टब ॲक्सलच्या (चाक ज्यावर बसतं त्या आखूड आसाच्या) मध्ये पाचरीसारखी शिम घालावी लागते. डावीकडे शिम घालून तेही अर्ध्यावर आणलं. मागे टो आउट देऊन गाडी आणखी फिरती करणारे लोक आहेत. वेगवान वळणात ॲक्सिलरेटर सोडल्यावर शेपटी निसटते तेव्हा ती सावरायचा सराव ज्यांना आहे, त्यांनी ते खुशाल करावं.

पुढे मी दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर बाहेर ठेवला. वळणात शिरताना गाडी आधी क्षणभर विचार करायची, ते थांबलं. स्टेअरिंग हलवल्याबरोबर नाक वळतं. सरळ पट्ट्यावर ती जराशी भिरभिरते, स्टेअरिंगला हात हलका ठेवला तर त्रास होत नाही. यापेक्षा जास्त टो आउट देऊनही पाहिला. शिरताना गाडी आणखी चपळ झाली, पण वळणाच्या मध्यावर पकड वाढली नाही आणि टायरचं तापमान विनाकारण चढलं. चाकं वळवल्यावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त फिरतं, १८१८ च्या पेटंटपासून अकरमनच्या नावाने ओळखली जाणारी ही भूमिती. म्हणजे पूर्ण वळणात जो टो असतो तो सरळ उभ्या गाडीला आपण दिलेला नसतोच. आपला मिलिमीटर मुख्यतः शिरतानाच्या पहिल्या हालचालीत कामाला येतो.

मागच्या टायरची हवा हा राहिलेला बदल. पुढे गरम ३६ ठेवून मागे ३९ केली तेव्हा मागची पकड किंचित कमी झाली आणि वळणाच्या मध्यावर गाडी स्वतःहून वळायला लागली. पावसात हे सगळं उलटं. ओल्या ट्रॅकवर टायर तापतच नाही, प्रेशर चढत नाही, त्यामुळे २८-२९ वर निघालो तर तसेच फिरत राहतो आणि नक्षीच्या फटी दबून पाणी बाहेर जात नाही. तेव्हा स्टिकरच्या ३३ वर भरून निघायचं, आणि मागचे तीन जास्तीचे काढून टाकायचे.

घरी जाताना दोन कामं असतात. गरम टायरमधून ट्रॅकवर काढलेली हवा परत भरायची, कारण थंड झाल्यावर गेज २८ दाखवणार आणि सामान भरून मोठ्या रस्त्यावर ते धोक्याचं. दुसरं काम टोचं. टायर आतून खातो तेव्हा लोक कॅम्बरला दोष देतात, पण रोजच्या वापरात टायर संपवतो तो मुख्यतः टो आउट, उणा कॅम्बर ती झीज आतल्या कडेवर आणून ठेवतो. माझ्या गाडीत टाय रॉडचा षटकोन एक बाजू फिरला की रिमवर पाऊण मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. तेव्हा लॉकनट सैल करून दोन्हीकडे एकेक बाजू आत फिरवतो, नट पुन्हा आवळतो आणि रॉडवरची रंगाची खूण 'रस्ता' लिहिलेल्या रेघेसमोर आली का ते टॉर्च मारून पाहतो.